सम-विषमचे नियम तोंडपाठ, तरी गुण जातात. नेमकं कुठे चुकतंय?

खोडरबर
नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, धागा पहिल्यांदाच काढतोय. चूकभूल द्यावी घ्यावी.

प्रवेश परीक्षेची तयारी चालू आहे. काळ-काम-वेग, शेकडेवारी, भूमिती यांत बरा आहे. पण ज्या प्रकरणाला सगळ्यात कमी वेळ दिला तेच मला बुडवतंय: सम आणि विषम पूर्णांक. परवाच्या सराव चाचणीत यावर ६ प्रश्न होते, १ बरोबर आला. चुकलेल्यांना वजा गुण, त्यामुळे तोही पदरात पडला नाही. बरं, नियम येत नाहीत म्हणावं तर तसंही नाही. झोपेतून उठवून विचारा: सम अधिक सम म्हणजे सम, विषम अधिक विषम म्हणजे सम, सम अधिक विषम म्हणजे विषम. वजाबाकीचंही तसंच. गुणाकारात एक जरी सम असला तरी सगळं सम, सगळे विषम असतील तरच उत्तर विषम.

चुकलेले पाच प्रश्न देतो, माझ्या उत्तरांसकट. हसू नका.

प्रश्न १. क्ष पूर्णांक असेल तर कोणती राशी नेहमी विषम असते? पर्याय: ३क्ष + १, क्ष चा वर्ग + १, क्ष चा वर्ग + क्ष + १, ४क्ष + २. मी क्ष = २ घेतलं, पहिल्याच पर्यायात ७ आले, तोच टिक केला.

प्रश्न २. अ आणि ब सम पूर्णांक आहेत, ब शून्य नाही, आणि अ ÷ ब हा पूर्णांक आहे. तो सम की विषम? मी लिहिलं सम.

प्रश्न ३. क्ष ही सम संख्या आहे का? विधान पहिलं: ३क्ष ही सम संख्या आहे. विधान दुसरं: ५क्ष ही सम संख्या आहे. (कोणतं विधान पुरेसं ते सांगायचं.) मी लिहिलं, प्रत्येक विधान एकेकटं पुरेसं.

प्रश्न ४. −५ ते ५ मध्ये किती सम पूर्णांक? मी लिहिलं ४.

प्रश्न ५. क्ष सम आहे. क्ष(क्ष + १) ÷ २ सम की विषम? मी लिहिलं सम, कारण वर सम × विषम आहे.

उत्तरतालिका मिळाली आहे, पण तिच्यात नुसते पर्यायांचे क्रमांक आहेत. कारण कोणी सांगेल का?


कच्चालिंबू
४ मध्ये काय चुकलं? −४, −२, २, ४. चारच तर होतात.


शॉर्टकटसम्राट
शून्य राहिलं, लिंबूभाऊ.


कच्चालिंबू
शून्य समही नाही आणि विषमही नाही ना? आम्हाला तर तसंच सांगितलं होतं.


बाकीशून्य
लिंबू, दोन वेगळी वाक्यं डोक्यात एकत्र झाली आहेत तुझ्या. शून्य धनही नाही आणि ऋणही नाही, हे खरं. तसंच १ ही मूळ संख्याही नाही आणि संयुक्तही नाही, हेही खरं. या दोघांच्या सरमिसळीतून 'शून्य ना सम ना विषम' हे तिसरं वाक्य जन्माला येतं, आणि ते साफ चूक आहे. शून्याला २ ने भागलं, बाकी शून्य. २ × ० = ०. झालं, सम.

पटत नसेल तर उलट बाजूने बघ. ३ आणि −३ दोन्ही विषम. विषम अधिक विषम म्हणजे सम. मग ३ + (−३) चं उत्तर सम असायला नको? शून्याला बाहेर काढलंस तर बेरजेचा नियमच मोडतो. संख्यारेषेवरही सम-विषम एकाआड एक येतात; −१ आणि १ च्या मध्ये जो बसलाय तो सम असल्याशिवाय ही रांग जुळत नाही.


उंबरठा
शून्याबद्दलचा हा घोळ बराचसा खेळांतूनही आलाय म्हणे. रूलेटच्या चाकावर शून्य आलं की ते सम लावणाऱ्यांचंही नसतं आणि विषम लावणाऱ्यांचंही. पण ती जुगाराच्या अड्ड्याची सोय झाली, गणिताची व्याख्या नव्हे.


रात्रपाळी
ऋण संख्यांचा विषय निघालाच आहे तर आमच्या धंद्यातला एक किस्सा. एका नोकरीच्या मुलाखतीत मला 'दिलेल्या संख्यांतल्या विषम संख्या मोजा' एवढाच प्रोग्राम लिहायला सांगितला होता. मी ऐटीत लिहिलं: २ ने भागून बाकी १ आली तर विषम. समोरच्यांनी चाचणीला −३ दिला आणि माझा प्रोग्राम त्याला विषम मानेना.

कारण सी आणि जावा या भाषांत −३ % २ (इथे % म्हणजे भागाकाराची बाकी) चं उत्तर १ नाही, −१ येतं. पायथॉनमध्ये मात्र १ येतं. तेव्हापासून मी 'बाकी १ आहे का' असं कधीच विचारत नाही, 'बाकी शून्य नाही ना' असं विचारतो. कागदावर सोडवतानाही हीच सवय ठेवली आहे. ऋण चिन्हाने सम-विषमपणा बदलत नाही. −७ विषम, −१८ सम, बास.


शॉर्टकटसम्राट
खोडरबर, तुमचा खरा प्रॉब्लेम एकच आहे: तुम्ही एकच किंमत टाकून बघता. मी गेली काही वर्षं शिकवण्या घेतो, माझी पोरं हे प्रश्न पंधरा सेकंदांत उडवतात. नियम-बियम पाठ करायचेच नाहीत. क्ष च्या जागी एकदा ० टाका, एकदा १ टाका. विषय संपला.

प्रश्न १ बघा. ३क्ष + १: शून्य टाकलं की १, एक टाकलं की ४. बाद. क्ष चा वर्ग + १: १ आणि २. बाद. क्ष चा वर्ग + क्ष + १: १ आणि ३, दोन्ही विषम. ४क्ष + २: दोन्ही वेळा सम. उत्तर तिसरा पर्याय. दोन अक्षरं असतील तर चार जोड्या: (०, ०), (०, १), (१, ०), (१, १). डोकं लावायची गरजच नाही.


खोडरबर
हे भारीच आहे, सर. पण मग प्रश्न ५ ला ० टाकल्यावर ० येतंय, म्हणजे सम. क्ष सम आहे असं दिलंय, म्हणून १ टाकायचा प्रश्नच नाही. मग माझं उत्तर बरोबर यायला हवं होतं. उत्तरतालिका म्हणते 'निश्चित सांगता येत नाही'.


शॉर्टकटसम्राट
उत्तरतालिकेत छपाईची चूक असेल. असतात.


बाकीशून्य
चूक नाहीये हो सम्राट. क्ष = २ टाका: २ × ३ ÷ २ = ३. विषम!


शॉर्टकटसम्राट
हं.

बघतो.


जुना मास्तर
धागा उशिरा पाहिला. सम्राटांची युक्ती चांगली आहे, मीही वर्गात ती द्यायचो, पण ती कुठपर्यंत चालते याची लक्ष्मणरेषा सांगितल्याशिवाय कधी दिली नाही. ती रेषा सांगायची तर हे नियम मुळात का खरे आहेत तिथपासून जावं लागेल. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

मुलांना मी फळ्यावर नुसते ठिपके काढून जोड्या लावायला सांगायचो. सगळे जोडीत बसले तर संख्या सम. एक ठिपका एकटा उरला तर विषम. आता दोन विषम संख्या एकत्र आणा. हिचा एक एकटा, तिचा एक एकटा, त्या दोघांची जोडी जमते आणि कोणीच उरत नाही. म्हणून विषम + विषम = सम. यात पाठ करण्यासारखं काय आहे? आणि याच चित्रावरून पुढचंही दिसतं: विषम संख्या कितीही असू देत, त्यांची बेरीज सम की विषम हे त्या किती आहेत एवढ्यावरच ठरतं. सात विषम संख्या असतील तर सात एकटे उरतात, तीन जोड्या होऊन एक उरतो, बेरीज विषम. त्या संख्या कोणत्या आहेत ते बघायचीसुद्धा गरज नाही.

गुणाकार म्हणजे ठिपक्यांचा आयत. ओळी किंवा स्तंभ यांपैकी एकाचीही संख्या सम असली की त्या दिशेने सगळ्या जोड्या लागतात. दोन्ही विषम असतील तरच कोपऱ्यात एक ठिपका उरतो.

हे काही आजचं शहाणपण नाही. युक्लिडच्या 'एलिमेंट्स'मध्ये नवव्या खंडातली २१ ते ३४ ही विधानं याच विषयावर आहेत. त्यातलं २१ वं म्हणजे आपलं 'सम संख्यांची बेरीज सम'. सव्वादोन हजार वर्षं झाली त्याला.

आता लक्ष्मणरेषा. सम-विषम ही फक्त 'बाकी ० की १' एवढीच माहिती आहे. बेरीज, वजाबाकी, गुणाकार या तीन क्रियांना एवढी माहिती पुरते. म्हणून या तीनच क्रिया असतील आणि अक्षरांचे गुणक पूर्णांक असतील, तर ० आणि १ टाकून मिळालेलं उत्तर सगळ्या पूर्णांकांना लागू पडतं. वर्ग, घन चालतात, कारण ते गुणाकारच आहेत. पण भागाकार आला की एवढी माहिती पुरत नाही.

का पुरत नाही? प्रत्येक संख्येत २ हा अवयव किती वेळा दडलाय ते बघा. १२ = २ × २ × ३, म्हणजे दोनदा. ६ मध्ये एकदा. ८ मध्ये तीनदा. विषम संख्येत एकदाही नाही. संख्या 'सम आहे' असं सांगितलं की तिच्यात निदान एक २ आहे एवढंच कळतं, किती आहेत ते कळत नाही. थैलीत काहीतरी आहे हे वरून चाचपून कळावं, पण मोजायला मिळू नये, तसं. आणि भागाकार तर नेमके हे २ काढून घेतो. १२ ÷ २ = ६, एक २ शिल्लक, उत्तर सम. १२ ÷ ४ = ३, सगळे २ गेले, उत्तर विषम. १२ ÷ ८ म्हणजे दीड, काढायला पुरेसे २ नव्हतेच, म्हणून उत्तर पूर्णांकही नाही. तिन्ही वेळा सम भागिले सम. खोडरबर, तुमचा प्रश्न २ इथे सुटतो: सांगता येत नाही. आणि प्रश्न ५ ही इथेच. क्ष = २ असेल तर त्याच्यात एकच २ होता, तो खाली भागण्यात गेला, उरले ३. क्ष = ४ असेल तर दोन होते, एक उरला, उत्तर १०.

तुमच्या गुणाकाराच्या नियमात काही खोट नव्हती. वरचा भाग सम आहे हे बरोबरच होतं. खाली २ ने भागल्यावरही तुम्ही तोच नियम ओढत नेलात.


खोडरबर
मास्तर, हात जोडले. 'किती २ आहेत' हे कोणी असं कधी सांगितलंच नव्हतं. म्हणजे भागाकाराला नियमच नाहीत असं समजू का?


बाकीशून्य
अगदीच नाहीत असं नाही. भागाकार पूर्णांक येतोय हे आधी दिलेलं असेल तर दोन-तीन गोष्टी ठाम सांगता येतात. विषम भागिले विषम विषमच येणार, कारण काढायला २ नव्हताच आणि आणलाही नाही. सम भागिले विषम समच येणार, कारण वरचे सगळे २ जागेवरच राहतात. आणि विषम भागिले सम हा पूर्णांक कधीच येऊ शकत नाही; आला असता तर सम × पूर्णांक = विषम झालं असतं. उरलं सम भागिले सम, त्याचा भरवसा नाही.

पण 'पूर्णांक येतोय' हा शब्द प्रश्नात दिसला पाहिजे हं. नाहीतर १० ÷ ३.


शॉर्टकटसम्राट
बसून पाहिलं. मास्तर बरोबर आहेत, छपाईची चूक वगैरे काही नाही. माझे शब्द मागे. क्ष(क्ष + १) ÷ २ मध्ये ० पासून ओळीने टाकत गेलो: ०, १, ३, ६, १०, १५, २१, २८. सम, विषम, विषम, सम, मग परत सम, विषम, विषम, सम. चारचारचं चक्र आहे. म्हणजे खाली २ असेल तर ० आणि १ ऐवजी ०, १, २, ३ टाकायचे. युक्ती मेलेली नाही!

आणि अजून एक मला स्वतःलाच सापडलं, पोरांनी उद्या विचारायच्या आत सांगून टाकतो. घातांकात क्ष असेल तरीही ० धोका देतो. २ चा घात क्ष: क्ष = ० ला १ येतो, विषम. पुढे १, २, ३ काहीही टाका, सम. तेव्हा घातांकात अक्षर दिसलं की ० वेगळा तपासा.


जुना मास्तर
वा! चारचं चक्र हे तुम्ही स्वतः शोधलंत, ते आता विसरणार नाही. खाली २ ऐवजी ४ असता आणि भागाकार पूर्णांक येत असता, तर ० ते ७ टाकून बघावे लागले असते. खाली जितके २, तितक्यांदा तपासायच्या किमती दुप्पट.


कच्चालिंबू
प्रश्न ३ कोणीच घेत नाहीये. मला तर खोडरबरचं उत्तर बरोबर वाटतंय. ३क्ष सम आहे, ३ विषम आहे, म्हणजे क्ष समच हवा ना. गुणाकाराचाच नियम, भागाकार कुठे आलाय?


उंबरठा
भागाकार लपलाय. 'क्ष पूर्णांक आहे' असं प्रश्नात कुठे लिहिलंय?


कच्चालिंबू
...नाही लिहिलंय. 😐


बाकीशून्य
मला या धाग्यातला सगळ्यात आवडलेला प्रश्न हाच. नीट सोडवू या.

विधान पहिलं, ३क्ष सम. क्ष = २ घेतला तर ३क्ष = ६, ठीक, क्ष सम. पण क्ष = दोन तृतीयांश घेतला तरी ३क्ष = २, सम! आणि दोन तृतीयांश ही सम संख्या नाही, ती पूर्णांकच नाही. एकदा 'हो', एकदा 'नाही', म्हणून हे विधान एकटं अपुरं. दुसऱ्याचंही तेच: क्ष = दोन पंचमांश, ५क्ष = २.

आता दोन्ही एकत्र. इथे बरेच जण 'सांगता येत नाही' म्हणून पुढे जातात, कारण अपूर्णांकाची भीती बसलेली असते. पण ३क्ष सम आहे, म्हणून त्याची दुप्पट ६क्ष सम. ५क्ष सम आहे. ६क्ष मधून ५क्ष वजा करा. सम वजा सम म्हणजे सम, आणि उरतो नुसता क्ष. म्हणून क्ष सम! पूर्णांक आहे हे वेगळं गृहीत धरावंच लागलं नाही, ते आपोआप निघालं. उत्तर: दोन्ही विधानं मिळून पुरेशी, एकेकटी नाहीत.


खोडरबर
उत्तरतालिकेत हेच आहे! ताई, मी अर्धा दिवस घालवला होता यावर.


बाकीशून्य
या प्रकारच्या प्रश्नांत पेन उचलायच्या आधी एक शब्द शोधायचा: पूर्णांक. तो असेल तर ३क्ष सम यावरून क्ष सम. नसेल तर अपूर्णांकही दारात उभे आहेत. 'क्ष चा वर्ग सम आहे' असं दिलं तरी तेच, क्ष म्हणजे २ चं वर्गमूळ असू शकतं. आणि 'पूर्ण संख्या' आणि 'पूर्णांक' यांतही गल्लत करू नका. पूर्ण संख्या ० पासून सुरू होतात, पूर्णांकांत ऋणही येतात. नैसर्गिक म्हटलं तर १ पासून. प्रश्न ४ मध्ये यातला शब्द बदलला की उत्तर ५ वरून ३ किंवा २ वर येतं.


रात्रपाळी
मूळ संख्यांचा सापळा राहिला. एकच ओळ: २ ही एकटीच सम मूळ संख्या आहे. दोन मूळ संख्यांची बेरीज ९९, गुणाकार किती? बेरीज विषम आहे, म्हणजे एक सम, म्हणजे ती २, दुसरी ९७, गुणाकार १९४. 'तीन मूळ संख्यांची बेरीज सम' दिसलं की तिथेही २ बसलेलाच असतो.


उंबरठा
उलट बाजूचा प्रश्न मात्र अजून कोणाला सुटलेला नाही. २ पेक्षा मोठी प्रत्येक सम संख्या दोन मूळ संख्यांची बेरीज असते का? गोल्डबाख या गणितज्ञाने १७४२ साली ऑयलर या दुसऱ्या गणितज्ञाला पत्रात अशा अर्थाचं लिहिलं होतं. अजून सिद्धता नाही. परीक्षेत नाही येणार, घाबरू नका.


कच्चालिंबू
या ज्ञानाचा परीक्षेबाहेर काही उपयोग? भांडायला विचारत नाहीये, खरंच विचारतोय.


जुना मास्तर
अशक्य गोष्ट अशक्य आहे हे एका ओळीत दाखवायला. एक देतो, खोडरबर तुम्हीच करा. १ ते १० हे आकडे ओळीने लिहा. प्रत्येकाच्या आधी अधिक किंवा वजा, तुम्हाला हवं ते चिन्ह टाका. एकूण उत्तर शून्य आणून दाखवा.


कच्चालिंबू
१ − २ − ३ + ४ = ०, ५ − ६ − ७ + ८ = ०, उरले ९ आणि १०. थांबा, जमेल.


कच्चालिंबू
−१ येतंय. दुसरीकडून बघतो.


कच्चालिंबू
१ येतंय. ३ येतंय. शून्य कसं काय येत नाही, वैताग आहे.


खोडरबर
लिंबू, थांब. आलं लक्षात! सगळी अधिक चिन्हं टाकली तर बेरीज ५५, विषम. एखाद्याचं चिन्ह अधिकचं वजा केलं, समजा ७ चं, तर बेरीज ७ ने नाही, १४ ने कमी होते. कोणताही आकडा घ्या, फरक त्याच्या दुपटीचा, म्हणजे सम. विषमातून सम वजा करत राहिलो तर उत्तर विषमच राहणार. शून्य सम आहे. म्हणून कधीच येणार नाही! तुला जी उत्तरं आली ती बघ: −१, १, ३. सगळी विषम.


जुना मास्तर
शाब्बास. आता १ ते ७ घ्या.


खोडरबर
१ ते ७ ची बेरीज २८, सम. म्हणजे येऊ शकेल. पण 'येऊ शकेल' म्हणजे 'येतंच' असं नाही ना? करून बघावं लागेल. १ − २ − ३ − ४ − ५ + ६ + ७ = ०. आलं!

आणि मास्तर, १ ते क्ष ची बेरीज म्हणजे तोच क्ष(क्ष + १) ÷ २! सम्राट सरांचं चारचं चक्र. क्ष ला ४ ने भागून बाकी ० किंवा ३ आली तर बेरीज सम. १० ला बाकी २, म्हणून नाही. ७ ला बाकी ३, म्हणून हो.


शॉर्टकटसम्राट
😀 माझ्या चक्राला वाली मिळाला.


जुना मास्तर
'शक्य असेल म्हणजे होतंच असं नाही' हा प्रश्न तुम्ही स्वतःहून विचारलात, त्याला माझ्याकडून वेगळे गुण. सम-विषमचा युक्तिवाद 'नाही' म्हणायला पक्का असतो, 'हो' म्हणायला पुरेलच असं नाही. या खेळात मात्र 'हो' ही मिळतं, कारण ओळीने चार आकडे लिंबूंनी केले तसे अधिक, वजा, वजा, अधिक घेतले की कायम शून्य होतात, आणि सुरुवातीला तीन उरले तर १ + २ − ३.

ऑयलरने केनिग्सबर्गच्या ७ पुलांचा प्रश्न असाच सोडवला. प्रत्येक पूल एकदाच ओलांडून सगळे पूल फिरून येता येईल का? १७३५ मध्ये त्याने सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीपुढे उत्तर मांडलं: नाही. शहराच्या चार भागांना ५, ३, ३, ३ असे पूल जोडलेले होते, चारही विषम. वाटेतल्या भागात तुम्ही एका पुलाने आत येता आणि दुसऱ्याने बाहेर पडता, म्हणजे पूल जोडीने खर्च होतात. विषम पूल असलेला भाग प्रवासाची सुरुवात किंवा शेवटच असू शकतो, आणि अशा जागा फार तर दोन. इथे चार. संपला विषय, एकही रस्ता आखून न बघता.


उंबरठा
एक अवांतर. आपल्याकडे 'विषम' या शब्दात थोडी नाराजी आहेच: विषम परिस्थिती, विषमता. बिचाऱ्या तिसऱ्या-पाचव्या आकड्यांचा काय दोष? मला लहानपणचा 'एकी की बेकी' हा शब्द जास्त आवडतो. ज्याच्यात एक उरतो ती एकी, दोन-दोन जमतात ती बेकी. मास्तरांच्या ठिपक्यांची व्याख्या शब्दातच आहे.


बाकीशून्य
अगदी अगदी.

खोडरबर, जाता जाता एक सरावाला. वर्गांची वजाबाकी परीक्षेत फार येते. अ आणि ब पूर्णांक आहेत. अ चा वर्ग वजा ब चा वर्ग = २०२६ असं कधी होईल?


खोडरबर
(अ + ब)(अ − ब) = २०२६. अ + ब आणि अ − ब यांच्यात फरक २ब, म्हणजे सम. म्हणून ते दोघे एक तर दोन्ही सम, नाहीतर दोन्ही विषम. दोन्ही विषम असते तर गुणाकार विषम आला असता. २०२६ सम आहे, म्हणजे दोन्ही सम, म्हणजे गुणाकारात निदान दोन २ हवेत, ४ ने भाग जायला हवा. २६ ला ४ ने भाग जात नाही, म्हणून २०२६ लाही नाही. कधीच नाही होणार.

मास्तरांची थैली परत कामाला आली. 'सम आहे' एवढं पुरलं नाही, किती २ आहेत ते बघावं लागलं.


बाकीशून्य
सुंदर. मग आता वजाबाकीऐवजी बेरीज. दोन विषम संख्यांच्या वर्गांची बेरीज पूर्ण वर्ग असू शकते का?


खोडरबर
विषमाचा वर्ग विषम, दोन विषमांची बेरीज सम. म्हणून ती ज्याचा वर्ग असेल तो सम हवा, आणि समाच्या वर्गाला ४ ने भाग जातो. आता डावी बाजू. विषम म्हणजे २क + १, त्याचा वर्ग ४ × (क चा वर्ग + क) + १, ४ ने भागून बाकी १. असे दोन, म्हणजे बाकी २. उजवीकडे बाकी ०, डावीकडे २. नाही होऊ शकत.


कच्चालिंबू
एक मिनिट. म्हणजे काटकोन त्रिकोणात ३, ४, ५ असतं, ५, १२, १३ असतं, ८, १५, १७ असतं. काटकोनाच्या दोन बाजूंत एक तरी सम दरवेळी दिसते ती योगायोगाने नाही? ४, १२ आणि ८ तिथे असायलाच हवे होते?


जुना मास्तर
असायलाच हवे होते. बाजू पूर्णांक असतील तर.